गटाची सहल : शांत समुद्रकिनारा कसा निवडायचा?

ताईंनो, सहल म्हटली की समुद्राचं नाव निघतंच. सिन्नरहून त्र्यंबक-जव्हारमार्गे डहाणू तालुक्यातलं बोर्डी पहाटे लवकर निघालं तर एका दिवसात होतं. सुरूची झाडं, सपाट वाळू, गर्दी कमी. पण शांत किनारा म्हणजे सुरक्षित किनारा नव्हे. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेज सहलीतले १४ विद्यार्थी बुडाले. म्हणून तीन गोष्टी बघा.

१) तिथी : तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६. म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येला भर दुपारी भरती, तीही उधाणाची. ते दिवस टाळा. पावसाळ्यात तर नकोच.

२) माणसं : अगदी निर्जन किनारा नको. हाकेच्या अंतरावर वस्ती हवी. पाण्यात जाण्याआधी तिथल्या कोळी बायांना भरतीची वेळ विचारून पक्की करा.

३) पाणी : बोर्डीला ओहोटीत पाणी खूप मागे जातं. त्याच्यामागे लांब चालत जाऊ नका. पाण्यात घोट्यापर्यंतच जा, पोरांचा हात सोडू नका.

पुढच्या बैठकीत : कॅलेंडर घेऊन बसा, तिथी बघून सहलीची तारीख काढा आणि ठराव लिहा.