रोटेनबुर्ग : तटबंदीतले गाव कसे वाचावे?



दिनदर्शिकेवर किंवा परदेशी चॉकलेटच्या डब्यावर हे चित्र तुम्ही कदाचित पाहिले असेल. दगडी फरसबंदीचा रस्ता पुढे जाऊन दुभंगतो. एक फाटा वर चढतो, दुसरा खाली उतरतो आणि दोन्हींच्या टोकाला वेशीचे उंच मनोरे दिसतात. मधोमध लाकडी पट्ट्यांचे, उतरत्या छपराचे एक अरुंद पिवळे घर उभे असते. या जागेचे नाव प्ल्योनलाइन. ती जर्मनीतल्या बव्हेरिया राज्यात, रोटेनबुर्ग या लहानशा गावात आहे.

युरोपातील जुनी गावे पाहायला जगभरातून लोक जातात. आपल्यापैकी काहींचे नातेवाईक तिकडे असतात, त्यांनी पाठवलेली छायाचित्रे आपण कौतुकाने पाहतो. "किती सुंदर!" असे म्हणून आपण पुढचे छायाचित्र हाती घेतो. या लेखात आम्ही थोडे थांबायचे ठरवले आहे. जुने गाव समोर आले की त्याला दोन प्रश्न विचारायचे. पहिला, हे गाव इतके जुने कसे राहिले? दुसरा, हे गाव स्वतःची कोणती गोष्ट सांगते आणि कोणती सांगायला कचरते? रोटेनबुर्ग हे दोन्ही प्रश्न विचारण्यासाठी उत्तम उदाहरण आहे. चला, नकाशा पुढे घेऊन फेरी सुरू करू.

नाव आणि जागा

गावाचे पूर्ण नाव 'रोटेनबुर्ग ओब देअर टाउबर' म्हणजे 'टाउबर नदीच्या वरचे रोटेनबुर्ग' असे आहे. जर्मनीत रोटेनबुर्ग नावाची आणखीही गावे आहेत. आपल्याकडे एकाच नावाची दोन गावे ओळखायला बुद्रुक आणि खुर्द जोडतात, तशी तिकडे नदीची ओळख जोडली. गाव नदीच्या खोऱ्यावर, उंच कड्याच्या माथ्यावर वसलेले आहे. एका बाजूला कडा आणि नदी, उरलेल्या बाजूंना तटबंदी अशी ही रचना. गाव शत्रूपासून कसे वाचवायचे हा विचार त्यात आधी झालेला दिसतो. आपले गिरिदुर्ग आठवले तर हे लगेच समजेल.

भरभराटीचा काळ

१२७४ साली राजा रुडॉल्फ याने रोटेनबुर्गला 'साम्राज्याचे मुक्त नगर' असा दर्जा दिला. याचा अर्थ, मधल्या कोणत्याही सरदाराची सत्ता या गावावर नव्हती. ते थेट सम्राटाला बांधील होते आणि रोजचा कारभार गावातील श्रीमंत घराण्यांची सभा पाहत असे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस हाइनरिख टॉप्लर या नगराध्यक्षाच्या काळात गाव वैभवाच्या शिखरावर होते. आज पाच-सहा हजार वस्ती म्हटले की आपल्याला खेडे वाटते. त्या काळच्या जर्मनीत मात्र एवढ्या लोकसंख्येचे गाव मोठ्या नगरांत मोजले जाई. पण टॉप्लरचा शेवट दुःखद झाला. त्याच्याच गावाच्या सभागृहाखालील अंधारकोठडीत १४०८ साली त्याचा मृत्यू झाला.

याच भरभराटीतून सेंट याकोब हे मोठे चर्च उभे राहिले. त्याचे काम १३११ मध्ये सुरू झाले आणि पुरे व्हायला दीडशेहून अधिक वर्षे लागली. टिलमान रीमेनश्नायडर या शिल्पकाराने सोळाव्या शतकाच्या आरंभी लिंडन झाडाच्या लाकडात कोरलेली वेदी तेथे आहे. येशूच्या शेवटच्या भोजनाचा प्रसंग तिच्यावर आहे. आज केवळ ही वेदी पाहण्यासाठीही लोक या चर्चमध्ये जातात.

गरिबीने जपलेले गाव

मग हे सारे टिकले कसे? सहज मनात येते, गावकऱ्यांना जुन्याचे प्रेम असेल म्हणून टिकले. प्रत्यक्षात तसे झाले नाही. १६१८ ते १६४८ या काळात युरोपात 'तीस वर्षांचे युद्ध' चालू होते. रोटेनबुर्ग प्रोटेस्टंट पंथाचे होते. १६३१ साली काउंट टिली या कॅथलिक सेनापतीने ते जिंकले. सैन्याने गावात हिवाळा काढला आणि जाताना गाव कंगाल करून गेले. पाठोपाठ १६३४ मध्ये प्लेगची साथ आली. माणसे गेली, पैसा गेला, व्यापार दुसऱ्या वाटांनी जाऊ लागला.

इतर नगरांनी पुढे तट पाडून रस्ते रुंद केले, जुनी घरे मोडून नव्या धाटणीची बांधली. रोटेनबुर्गकडे मोडायलाही पैसे नव्हते आणि बांधायलाही. म्हणून गाव जसे होते तसेच राहिले. एकोणिसाव्या शतकात चित्रकार आणि प्रवासी तेथे येऊ लागले, तेव्हा ज्याला मागासलेपण म्हणत होते त्यालाच लोक सौंदर्य म्हणू लागले. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. ज्या सौंदर्याचे आपण कौतुक करतो त्याच्यामागे तेथील अनेक पिढ्यांची ओढाताण असते.

घोटभर नव्हे, पिंपभर गोष्ट

आता दुसरा प्रश्न. रोटेनबुर्ग सर्वांत आवडीने सांगते ती गोष्ट अशी. टिलीने गाव जाळायचे ठरवले होते. त्याला सव्वातीन लिटरचा वारुणीचा प्याला देण्यात आला. तो म्हणाला, "हा कोणी एका दमात रिकामा केला तर गाव सोडीन." माजी नगराध्यक्ष गेओर्ग नुश पुढे आले, त्यांनी प्याला एका दमात संपवला आणि गाव वाचले! मुख्य चौकातील एका इमारतीवर घड्याळ आहे. ठरावीक तासांना त्याच्या दोन बाजूंच्या खिडक्या उघडतात आणि टिली व नुश यांचे पुतळे हा प्रसंग करून दाखवतात. १८८१ मध्ये या गोष्टीवरचे नाटक प्रथम झाले. पेंटेकॉस्ट सणाच्या सुमारास गावकरी स्वतःच ते करतात.

गोष्ट गमतीची आहे, पण इतिहासकार तिला दंतकथा मानतात. नुश नावाचा माणूस होऊन गेला आणि टिलीने गाव घेतले, हे खरे. प्याल्याची गोष्ट पुढे जोडली गेली. दंतकथा सांगण्यात वावगे काही नाही, फक्त ती दंतकथा म्हणून सांगावी.

गल्लीच्या नावात लपलेला इतिहास

चौकापासून थोडे चालले की 'युडेनगासे' म्हणजे ज्यूंची गल्ली लागते. येथे घड्याळाखाली जमते तशी गर्दी नसते. तेराव्या शतकात रब्बी मेअर बेन बारुख हे थोर ज्यू धर्मपंडित अनेक वर्षे या गावात राहिले. दूरदूरच्या देशांतून लोक त्यांना पत्राने धर्मशास्त्राचे प्रश्न विचारीत. ज्या राजा रुडॉल्फने गावाला मुक्त नगर केले, त्यानेच त्यांना कैदेत टाकले आणि १२९३ मध्ये कैदेतच त्यांचा मृत्यू झाला. १२९८ मध्ये येथील ज्यूंची कत्तल झाली. १५२० मध्ये उरलेल्यांना हाकलून दिले. एकोणिसाव्या शतकात काही कुटुंबे पुन्हा येऊन राहिली. नाझी राजवटीत रोटेनबुर्गची 'आदर्श जर्मन गाव' म्हणून जाहिरात झाली आणि ऑक्टोबर १९३८ मध्ये राहिलेल्या ज्यू रहिवाशांनाही गाव सोडावे लागले.

गावाच्या दक्षिणेकडील इस्पितळ वेशीवर लॅटिन भाषेत एक शुभेच्छा कोरलेली आहे. आत येणाऱ्यास शांती, बाहेर जाणाऱ्यास क्षेम, असा तिचा अर्थ. ज्यांना घालवून दिले त्यांच्या वाट्याला यातले काय आले असेल, याचा विचार प्रत्येकाने करावा. गल्लीचे नाव टिकले म्हणून आज आपण हा प्रश्न तरी विचारू शकतो. गावाच्या संग्रहालयात मध्ययुगीन ज्यू थडग्यांचे शिलालेखही जपले आहेत.

१९४५ : पडझड आणि पुनर्बांधणी

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, ३१ मार्च १९४५ रोजी, रोटेनबुर्गवर बाँबहल्ला झाला. त्यात माणसे मेली, तीनशेच्या वर घरे गेली, तटबंदीचा मोठा भाग कोसळला. जुन्या गावाचा सुमारे ४० टक्के भाग, मुख्यतः पूर्वेकडचा, उद्ध्वस्त झाला. अमेरिकेचे सहायक युद्धमंत्री जॉन मॅक्लॉय यांना गावाचे महत्त्व ठाऊक होते. त्यांच्या सांगण्यावरून तोफांचा मारा टळला. काही अमेरिकन सैनिक पांढरे निशाण घेऊन वाटाघाटीला गेले. शेवटपर्यंत लढण्याचा हिटलरचा हुकूम असूनही तेथील जर्मन अधिकाऱ्याने गाव सोडायचे कबूल केले. १७ एप्रिलला अमेरिकन सैन्य आत आले. प्याल्याच्या गोष्टीपेक्षा ही गोष्ट आम्हाला अधिक मोलाची वाटते. येथे खरोखरच काही माणसांच्या शहाणपणाने गाव वाचले.

पडलेली घरे जुन्या घरांशी मेळ खाईल अशी, पण साध्या रचनेने पुन्हा बांधली. तट बांधायला जगभरातून देणग्या आल्या. तटावरच्या छपराखालील पायवाटेने चालताना भिंतीत देणगीदारांच्या नावांचे दगड दिसतात. त्यांत अमेरिकन नावे आहेत, जपानी नावेही आहेत. म्हणजे 'मध्ययुगीन' म्हणून आपण ज्याचे छायाचित्र काढतो, त्यातला बराच भाग विसाव्या शतकातला असतो. पण ते बांधकाम खोटे नाही. काय गमावले हे ज्यांना कळले, त्यांनी ते विचारपूर्वक पुन्हा उभे केले.

कधी जाणे झालेच तर

व्युर्त्सबुर्गहून आगगाडीने श्टायनाख येथे उतरावे. तेथून छोटी गाडी रोटेनबुर्गला जाते. बहुतेक प्रवासी काही तासांपुरते येतात आणि संध्याकाळी निघून जातात. शक्य असेल तर रात्र तेथेच काढावी. रात्री पहारेकऱ्याच्या वेषातील मनुष्य कंदील घेऊन गावची फेरी घडवतो. दुकानांत 'श्नेबाल' म्हणजे हिमगोळा नावाचा पदार्थ मिळतो. पिठाच्या पट्ट्या गुंडाळून गोळा करतात, तळतात आणि वर पिठीसाखर भुरभुरतात. चिरोटा आवडणाऱ्यांना तो नक्कीच ओळखीचा वाटेल.

आपण काय शिकलो?

जुने गाव पाहताना वेस, तट, चौक, प्रार्थनास्थळ आणि गल्लीचे नाव या पाच गोष्टी अवश्य पाहाव्यात. मग विचारावे, हे कोणी बांधले, कशामुळे टिकले, कोण येथून गेले आणि कोणी पुन्हा उभे केले. यासाठी युरोपातच जायला हवे असे नाही. आपल्या इंदूरचा राजवाडा १९८४ साली आगीत सापडला होता. तो पाहतानाही हेच प्रश्न विचारता येतात.

स्वाध्याय

१. रोटेनबुर्ग टिकण्याची कारणे कालक्रमाने लिहा.
२. प्याल्याची गोष्ट आणि १९४५ ची हकिकत यांत काय फरक आहे?
३. आपल्या घराजवळच्या एका जुन्या गल्लीचे किंवा पेठेचे नाव कसे पडले, हे आजी-आजोबांना विचारून दहा ओळींत लिहा. पूर्वी तेथे राहणारे आणि आता न राहणारे कोण, तेही विचारा. त्यांनी सांगितलेल्यात ऐकीव काय आणि डोळ्यांनी पाहिलेले काय, याची वेगळी नोंद करा.

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे वर्गशिक्षकांकडे द्यावीत. निवडक उत्तरे आम्ही पुढील अंकात छापू.