गोणाईचं भांडण



आजचा पाठ नामदेव गाथेतला आहे. गोणाई आणि नामदेव यांच्यातला संवाद, आणि त्याला जोडून तीर्थावळीची सुरुवात. दोन्ही मिळून अर्ध्या तासात वाचून होतं. गाथा जवळ असेल तर आधी वाचा, मग इकडे या.

हा पाठ निवडला त्याला कारण आहे. गेल्या महिन्यात तिघांनी मेसेज करून जवळपास एकच प्रश्न विचारला. "मला सेवेसाठी पूर्णवेळ बाहेर पडायचंय, घरी आई रडते, काय करू?" एकाने तर पुढे लिहिलं होतं, "आईचा मोह सुटत नाही." हा मोह शब्द मला खटकला. आपण तो फार पटकन वापरतो, तोही दुसऱ्याच्या बाबतीत.

आता गोणाईकडे येऊ. नामदेवांचं कुळ हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सीचं, कयाधू नदीच्या काठचं. वडील दामाशेटी, धंदा शिंप्याचा. पुढे घर पंढरपूरला आलं. गोणाईला हा मुलगा नवसाने झालेला. म्हणजे तिने देवाकडे मागितला आणि देवाने दिला. आणि मग त्याच देवाने तो काढून घेतला, असं तिचं सरळ म्हणणं आहे. गाथेत तिच्या नावावर जे अभंग आहेत त्यांत ती आधी मुलाला समजावते. धंद्याकडे बघ, घराकडे बघ, लोक काय म्हणतात ते बघ. मुलगा ऐकत नाही. मग ती थेट देवळात जाते आणि विठोबाशी भांडते. माझं लेकरू मला परत दे म्हणते. हात जोडून विनवणी नाही, रीतसर भांडण. दुकानदाराने पैसे घेऊन माल दिला नाही तर बाई जशी भांडेल तसं.

(हे अभंग गोणाईने स्वतः रचले की नामदेवांनी किंवा नंतरच्या कुणी तिच्या तोंडी घातले, यावर अभ्यासकांची मतं वेगळी आहेत. आजच्या चिंतनाला त्याने फरक पडत नाही. उलट कुणी मुद्दाम तिच्या तोंडी घातले असतील तर ते जास्तच महत्त्वाचं.)

एक गोष्ट नीट बघा. हे भांडण चालू असताना नामदेव कुठे लांब गेलेले नाहीत. पंढरपुरातच आहेत, देऊळ घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. तरी गोणाईचा मुलगा गेलाय. जेवायला बसला तरी लक्ष तिकडे, सुई हातात घेतली तरी मन तिकडे. बॅग भरायच्या कितीतरी आधी आईला कळलेलं असतं. आपण घरी सांगतो ती बातमी त्यांच्यासाठी जुनी असते. आपल्यालाच वाटतं की आज सांगितलं.

माझ्या मावशीचं तसंच झालं. ती हिंगोलीत राहते. तिचा धाकटा इंजिनिअरिंग करून एका संस्थेत पूर्णवेळ गेला, आता ईशान्येकडे एका शाळेवर असतो. रविवारी संध्याकाळी त्याचा फोन येतो, नेटवर्क असलं तर. ती त्याला कामाचं काही विचारत नाही. काय जेवलास, पांघरूण आहे का, पाऊस किती आहे, एवढंच. फोन ठेवला की मग आमच्याशी बोलते. मागच्या दिवाळीला मला म्हणाली, "समदे म्हणतेत तू भाग्यवान हाईस. आसंन. पण म्या दिला का त्याला? मला कुणी इचारलं का?" मी काही उत्तर दिलं नाही. उत्तर द्यायचा तो प्रश्न नव्हताच.

"तुम्ही भाग्यवान आहात." पूर्णवेळ गेलेल्यांच्या आईवडिलांना हे वाक्य सगळीकडे ऐकायला मिळतं. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण त्या वाक्यानंतर आईला रडायची सोय राहत नाही. रडली तर भक्ती कमी, असा त्याचा अर्थ होतो. आपल्या परंपरेने मात्र गोणाईला असं गप्प केलेलं नाही. तिची तक्रार गाथेत आहे, मुलाच्या अभंगांच्या शेजारी. राजाईची, म्हणजे नामदेवांच्या पत्नीचीही आहे. ती रुक्मिणीकडे गाऱ्हाणं घेऊन जाते. घरात खायला नाही आणि नवरा कीर्तनात, हे तीही लपवत नाही. पिढ्यान् पिढ्या हे जपलं गेलं. कुणी म्हणालं नाही की संताच्या घरातलं हे भांडण काढून टाका, बरं दिसत नाही.

आता तीर्थावळी. ज्ञानेश्वर नामदेवांकडे येतात आणि तीर्थयात्रेला चला म्हणतात. नामदेव म्हणतात, माझा मायबाप पांडुरंग आहे, त्याला विचारा. मग विचारणा होते. (इथे थोडं थांबा. विचारल्याशिवाय निघालेले नाहीत.) विठ्ठल परवानगी देतो, पण कशी? नामदेवांना ज्ञानेश्वरांच्या हाती सोपवतो, याला सांभाळा म्हणून सांगतो. आणि ते गेल्यावर स्वतः उदास होऊन बसतो. रुक्मिणीला विचारावं लागतं की झालं काय.

पहिल्यांदा लक्षपूर्वक वाचलं तेव्हा मी इथे बराच वेळ अडकलो होतो. जो देव गोणाईचा मुलगा घेऊन बसलाय, त्याच्यावरच गाथेने गोणाईची वेळ आणलीय. लेकरू यात्रेला निघालंय, चांगल्या कामाला निघालंय, सोबतीला ज्ञानेश्वरांसारखा माणूस आहे, तरी मागे राहिलेल्याचा जीव लागत नाही. आणि हा मागे राहिलेला साक्षात पांडुरंग आहे. त्याच्या या अवस्थेला मोह म्हणायची हिंमत आहे का आपली? मग आईच्या अवस्थेला का म्हणायचं?

परवानगीचा मुद्दा आणखी एका गोष्टीत येतो. ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत काशीला जाऊन संन्यास घेतात. घरी पत्नी आहे हे गुरूंना कळतं, आणि गुरू त्यांना परत पाठवतात. वैराग्य खोटं होतं असं कुणी म्हणत नाही. मागे एक माणूस वाट बघत होतं, एवढंच कारण पुरलं.

याचा अर्थ जाऊ नका असा मी काढत नाही. नामदेव गेले. १२९६ साली ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली, त्यानंतर नामदेव उत्तरेत गेले आणि पंजाबात सुमारे वीस वर्षं राहिले असं परंपरा मानते. गुरदासपूर जिल्ह्यातलं घुमान हे त्यांचं गाव झालं. नकाशा उघडून बघा, घुमान पंढरपूरच्या जवळजवळ नाकासमोर उत्तरेला आहे, सरळ रेषेत दीड हजार किलोमीटरहून जास्त. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत, आजही रोज गायली जातात. २०१५ साली मराठी साहित्य संमेलन त्या घुमानात भरलं. ते घरी शिवत बसले असते तर यातलं काहीच नसतं. पण या ६१ पदांनी गोणाईचा हिशेब चुकता झाला, असं गाथा कुठे म्हणत नाही. दोन्ही गोष्टी तशाच शेजारी ठेवल्यात.

आणि परत येण्याचंही आपल्याकडे मोल आहे. तीर्थावळीत नामदेव परत येतात तेव्हा विठ्ठल त्यांना कडकडून भेटतो आणि पंढरपुरात मावंदं होतं. नर्सीला तर आषाढ वद्य एकादशीला परतवारी भरते. पंढरपूरहून आलेले वारकरी नामदेवांच्या गावी दर्शनाला जातात. आमच्या भागात ही एकादशी आषाढीइतकीच धरतात. पुण्या-मुंबईच्या मंडळींना बहुतेक माहीत नसते, म्हणून सांगितलं.

तर मेसेज करणाऱ्या तिघांना, आणि जे आधीच बाहेर आहेत त्यांनाही: घरी बोलताना सत्संग सुरू करू नका. आई "काय जेवलास" विचारेल तर काय जेवलात ते सांगा, नीट, भाजीच्या नावासकट. ती देवावर चिडली असेल तर देवाची बाजू घेऊ नका. त्याने गोणाईचं ऐकून घेतलंय, तिचंही ऐकेल. निघायचं ठरलं असेल तर विचारून निघा. "सांगतोय" आणि "विचारतोय" यातला फरक तिला फोनवरही कळतो. आणि परत कधी येणार याची तारीख द्या, तिकीट काढून.

आजचा अभ्यास: तीर्थावळीतला निरोपाचा भाग मोठ्याने वाचा, जमलं तर आईला फोनवर वाचून दाखवा. उद्या मावंद्याचा भाग घेऊ.

राम कृष्ण हरी.