परमुलखाच्या प्रवासाची सिद्धता

परदेशी जावयाचे म्हटले की आज प्रथम पारपत्राचा विचार मनात येतो. परंतु पारपत्राची सक्ती ही फार जुनी गोष्ट नव्हे. बाहेरून हिंदुस्थानात येणाऱ्याजवळ पारपत्र असले पाहिजे, असा कायदा येथे १९२० साली झाला. पारपत्रे देण्यासंबंधीचा सध्याचा भारतीय कायदा १९६७ सालचा आहे. त्यापूर्वीही माणसे परमुलखात जातच होती. अशा प्रवासाची सिद्धता कोणकोणत्या अंगांनी करावी लागे, हे तंजावरच्या मराठी राज्याच्या अखेरच्या काळात चांगले पाहावयास मिळते.

तंजावरहून उत्तरेस तिरुवैयारुकडे निघालेल्या वाटसरूस सुमारे तेरा किलोमीटरांच्या अंतरात वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि कावेरी अशा पाच नद्या ओलांडाव्या लागतात. 'ऐयारु' या तमिळ शब्दाचा अर्थच पाच नद्या असा आहे. दुसरे सरफोजी राजे १७९८ साली गादीवर आले. पुढच्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीशी झालेल्या तहान्वये तंजावरचा किल्ला व त्याच्या लगतचा थोडासा भाग एवढाच त्यांच्या अधिकाराखाली उरला. बाकीचा मुलूख कंपनीकडे गेला, आणि त्याच्या मोबदल्यात राजांना दरसाल एक लाख स्टार पॅगोडा व निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा मिळू लागला. म्हणजे जो प्रदेश त्यांच्या पूर्वजांनी सव्वाशे वर्षे सांभाळला, तोच आता परक्या सत्तेचा झाला. कावेरीतीरावरील तिरुवैयारुच्या पंचनदीश्वराच्या देवळात जावयाचे, तरी दुसऱ्याच्या अमलाखालच्या भूमीवर पाऊल ठेवावे लागे.

यावरून प्रवासाच्या सिद्धतेचे पहिले अंग ध्यानात येते. ते म्हणजे परवानगी. सरफोजी राजांनी काशी, प्रयाग व गया या त्रिस्थळीच्या यात्रेचा संकल्प केला, तेव्हा त्यांना कंपनी सरकारची संमती घ्यावी लागली. १८२० ते १८२२ या काळात झालेल्या या यात्रेत सुमारे तीन हजारांचा परिवार त्यांच्याबरोबर होता. एवढा समुदाय घेऊन कोणी दुसऱ्याच्या हद्दीतून जाऊ लागला, की ती हद्द ज्याच्या ताब्यात असेल त्यास शंका येणे साहजिकच असते. हेतू पवित्र असला तरी तो सांगावा लागतो, आणि समोरच्याने तो मान्य करावा लागतो. आजचा व्हिसाचा अर्ज याहून फारसे निराळे काही विचारीत नाही.

दुसरे अंग ज्ञानाचे. सरफोजी राजांनी मराठीत 'देवेंद्र कुरवंजी' नावाचे नाटक रचले. कुरवंजी हा दक्षिणेकडील नाट्यप्रकार असून त्यात भविष्य सांगणारी कुरवंजी, म्हणजे डोंगरी जमातीतील स्त्री, देशोदेशीची वर्णने करते. राजांनी या ओळखीच्या साच्यात चक्क पृथ्वीचा भूगोल बसविला. ज्यांनी समुद्र ओलांडला नव्हता, अशा श्रोत्यांना आपल्या भाषेत जगातील खंडे व देश यांची नावे ऐकावयास मिळाली. जावयाच्या ठिकाणाची काहीच कल्पना नसेल, तर भरलेली पेटी व सोबतची माणसेही पुरी पडत नाहीत. काशीयात्रेचे वर्णनही पुढे 'त्रिस्थळी यात्रेच्या लावण्या' या मराठी रचनेत उतरले. म्हणजे एका प्रवासाची हकीकत मागाहून जाणाऱ्यांच्या उपयोगी पडावी, अशी सोय झाली.

तिसरे अंग मात्र प्रवाशाच्या हाती नसते. ते यजमान भूमीच्या हाती असते. तंजावरच्या मराठी राजघराण्याने, विशेषतः त्यातील स्त्रियांच्या नावाने, रामेश्वराच्या वाटेवर अनेक छत्रे, म्हणजे अन्नछत्रांसह धर्मशाळा, बांधल्या होत्या. १८०१ साली सरफोजी राजांनी इंग्रज रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना एक पत्र लिहिले. मुलूख गेला, तरी ही छत्रे आपल्याकडेच राहू द्यावीत, अशी त्यांची विनंती होती. छत्रांत काय चालते, हेही त्यांनी पत्रात सविस्तर कळविले. ब्राह्मणांपासून परैयांपर्यंत सर्व जातींच्या वाटसरूंना अन्न मिळे. जे शिजविलेले अन्न घेत नसत त्यांना शिधा मिळे. मध्यरात्री घंटा वाजवून कोणी उपाशी राहिले आहे काय, हे पाहिले जाई. आजारी पडलेल्यास औषधपाणी, तान्ह्या मुलांना दूध, गरोदर स्त्रीची शुश्रूषा, आणि वाटेतच मरण आल्यास त्याच्या जातीच्या रीतीने अंत्यसंस्कार, एवढी व्यवस्था होती. उत्तरेकडून गंगाजल घेऊन रामेश्वराकडे निघालेल्या माणसाची भाषा येथे कोणास कळो न कळो, त्याची भूक कळत असे.

राज्य हातचे गेलेल्या राजाने सैन्य किंवा खजिना नव्हे, तर परक्यांना जेवू घालण्याचा अधिकार मागावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. परवानगी घेता येते, ज्ञानही मिळविता येते. परंतु अनोळखी गावात आजारी पडलो तर कोणी विचारील, हा भरवसा प्रवाशाला बरोबर बांधून नेता येत नाही. तो दुसऱ्या कोणीतरी आधीच निर्माण करून ठेवलेला असावा लागतो.

आजही पौष वद्य पंचमीस त्यागराजांच्या आराधनेसाठी देशातून व परदेशांतून गायक-वादक तिरुवैयारुला येतात. तमिळ मुलखात, मराठी राजांच्या काळात राहून तेलुगूत रचना करणाऱ्या या संतकवीचे १८४७ साली येथेच देहावसान झाले. त्याच्या समाधीपाशी येणारा प्रत्येक जण आपापली तयारी करूनच येतो. परंतु परदेशी जाण्याची खरी सिद्धता घरीच सुरू होते, असे म्हणावे लागेल. आपल्या दारी आलेल्या परक्याला आपण कसे वागवितो, यातच ती दिसते.