पुस्तक मोलाचं, पण नोंद कशाच्या बळावर?

तलासरीकडच्या एका निवृत्त गुरुजींनी पाड्यापाड्यांत फिरून वारली लग्नात धवलेरी (लग्न लावणाऱ्या स्त्रिया) म्हणतात ती गाणी उतरवून घेतली आणि पदरचे पैसे घालून त्यांचं पुस्तक छापलं. मी डहाणूला घरी ते एका रात्रीत वाचलं. दुसऱ्याच दिवशी एका खुल्या ज्ञानकोशात त्याची नोंद केली आणि खाली पाच संदर्भ जोडले. आठवड्याभरात नोंद काढली गेली. गुरुजींनी तोवर सगळ्या नातेवाइकांना कळवलं होतं. त्यांच्यापुढे उभं राहणं मला जड गेलं.

मग संदर्भ पुन्हा पाहिले. दोन बातम्या प्रकाशन समारंभाच्या, शब्दशः सारख्या; कारण प्रसिद्धिपत्रक मीच पाठवलं होतं. तिसरा संदर्भ प्रस्तावनेचा, ती गुरुजींच्या मित्राची. चौथा विक्रीच्या पानाचा. पाचवा आयएसबीएन, पण तो पुस्तकाचा ओळख क्रमांक, स्वतः छापणाऱ्यालाही मिळतो. संदर्भ पाच, पण बोलणारे सगळे आम्हीच. नोंद काढणाऱ्यांचं बरोबर होतं.

याच मातीतलं दुसरं पुस्तक पाहा. 23 मे 1945 रोजी तलासरीजवळ झरी गावात वारली एकत्र आले. वेठबिगारीविरुद्धच्या त्यांच्या लढ्याची हकिगत, त्यांना संघटित करणाऱ्या गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिली. त्याला 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, इतर भाषांत अनुवाद झाले, अभ्यासकांनी त्याचा आधार घेतला. हे पुस्तक त्यांनी स्वखर्चाने छापलं असतं, तरी या साक्षींवर नोंदीला पात्रच ठरलं असतं. कोणी छापलं यापेक्षा, लेखकाशी संबंध नसलेल्यांनी त्याबद्दल काय लिहिलं, हे पाहायचं असतं.

म्हणून नोंद करण्याआधी हे तपासा. लेखकाच्या ओळखीबाहेरच्या निदान दोघांनी पुस्तकावर सविस्तर लिहिलं आहे का? नुसता उल्लेख पुरत नाही. पुरस्कार असेल, तर देणारी संस्था जाणती आहे का, की प्रवेश शुल्क घेऊन सर्वांनाच प्रमाणपत्र देते? 'महत्त्वाचा', 'दुर्मीळ' ही विशेषणं काढल्यावर मजकुरात काही उरतं का? आणि लेखक तुमच्या जवळचा असेल, तर नोंद दुसऱ्याला लिहू द्या.

नोंद नाही म्हणजे पुस्तक कमी, असं मुळीच नाही. पुस्तकांच्या प्रती ग्रंथालयांना देण्याविषयीच्या 1954 च्या कायद्याप्रमाणे त्याची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि कायद्यात नेमलेल्या इतर ग्रंथालयांत पोहोचवा. लोकसाहित्याच्या अभ्यासकांना, नियतकालिकांना परीक्षणासाठी पाठवा. गुरुजींच्या प्रती आम्ही अशाच पाठवल्या.

आपल्या माणसाच्या प्रेमापोटी घाईने नोंद करू नका. आधी त्याचं पुस्तक अनोळखी वाचकाच्या हाती द्या.