जिवाणू संवर्धनाचा घरगुती ढवळक : स्विच व वेगनियंत्रकाची जोडणी



अझोटोबॅक्टर जिवाणूंना वाढीसाठी हवा लागते. बाटलीतील द्रव स्थिर राहिल्यास हवा तळापर्यंत पोहोचत नाही व वाढ मंदावते. म्हणून प्रयोगशाळेत चुंबकीय ढवळक वापरतात. संगणकाच्या जुन्या १२ व्होल्टच्या पंख्याच्या मध्यावर दोन चुंबके (एकाचा उत्तर, दुसऱ्याचा दक्षिण ध्रुव वर) चिकटवून असा ढवळक शेतकरी गटाला स्वतः करता येतो. पंख्यावर पत्रा नव्हे, लाकडी वा प्लॅस्टिकची फळी, तिच्यावर बाटली आणि बाटलीत चुंबककांडी ठेवावी. मात्र पंखा पूर्ण वेगाने फिरल्यास कांडी फेकली जाते. म्हणून वेगनियंत्रक हवाच.

वेग कोठे कमी करावा?

घरातील छताच्या पंख्याचा रेग्युलेटर अ‍ॅडॉप्टरच्या आधी कधीही जोडू नये. त्याने वेग नीट बदलत नाही आणि अ‍ॅडॉप्टर जळू शकतो. रेडिओतील आवाजाचे बटण (पोटेन्शिओमीटर) पंख्याच्या तारेत सरळ जोडल्यास पंख्याचा सर्व प्रवाह त्यातून जाऊन तेही जळते. एलएम ३१७ वापरल्यास बटणातून फक्त ५ मिलिअँपिअर प्रवाह जातो. भार एलएम ३१७ उचलतो.

साहित्य : १२ व्होल्ट, १ अँपिअरचा डीसी अ‍ॅडॉप्टर, अर्धा अँपिअरचा फ्यूज, स्विच, एलएम ३१७ व त्याला अ‍ॅल्युमिनियमची उष्णतारोधक नव्हे, उष्णता बाहेर टाकणारी पट्टी (हीटसिंक), २४० ओहमचा रोधक, २ किलोओहमचे बटण.

जोडणी

१. अ‍ॅडॉप्टरची धन तार फ्यूज व स्विचमधून एलएम ३१७ च्या तिसऱ्या पायाला जोडावी. अक्षरे आपल्याकडे व पाय खाली धरल्यास डावीकडून पाय १, २, ३ मोजावेत.
२. पाय १ व २ यांमध्ये २४० ओहमचा रोधक जोडावा.
३. बटणाचा मधला पाय एलएम ३१७ च्या पाय १ ला व कडेचा एक पाय ऋण तारेला जोडावा.
४. पंख्याची लाल तार पाय २ ला, काळी तार ऋण तारेला जोडावी. तिसरी तार असल्यास तिच्यावर टेप गुंडाळून ती मोकळी सोडावी.

एलएम ३१७ ची धातूची पाठ पाय २ शी जोडलेली असते. त्यामुळे हीटसिंक इतर तारांना किंवा धातूच्या पेटीला टेकू देऊ नये.

चाचणी

पंखा जोडण्यापूर्वी पाय २ व ऋण तार यांमधील दाब मल्टिमीटरने पाहावा. बटण फिरवताना तो सुमारे सव्वा ते १० व्होल्टपर्यंत बदलला पाहिजे. बटण उलटे चालत असल्यास कडेचा दुसरा पाय वापरावा. नंतर बाटलीत साधे पाणी घेऊन बटण सावकाश वाढवावे. पाण्यात लहानसा भोवरा दिसला की वेग पुरेसा समजावा.

दक्षता

अ‍ॅडॉप्टर बाटलीपासून दूर, उंचावर टांगावा. वीज गेल्यास स्विच बंद करून बटण कमीवर आणावे; अन्यथा वीज येताच कांडी फेकली जाईल व रात्रभर द्रव स्थिर राहील. भारनियमनाच्या गावी फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी याच जोडणीला चालते. फ्यूज मात्र बॅटरीजवळच असावा.