पाणथळीची अभ्यासभेट : बागबाजारपासून नांदूर मध्यमेश्वरपर्यंत

हिवाळा सुरू झाला की नांदूर मध्यमेश्वर, जायकवाडी, उजनी अशा जलाशयांकडे पक्षिनिरीक्षकांची पावले वळतात. विस्तार कार्यकर्त्यांनीही आपल्या शेतकरी गटांना घेऊन अशा ठिकाणी अवश्य जावे. मात्र पक्षी पाहून, छायाचित्रे घेऊन परत आल्यास ती केवळ सहल ठरते. हे पक्षी येथेच का येतात आणि ते टिकण्यासाठी कोण काय करीत आहे, हे प्रश्न विचारले म्हणजे तिची अभ्यासभेट होते. या प्रश्नांचे सर्वांत बोलके उत्तर प्रस्तुत लेखकास कोलकात्यात मिळाले. म्हणून तेथूनच आरंभ करू.

उताराची दिशा

बागबाजार ही उत्तर कोलकात्यातील हुगळीकाठची जुनी वस्ती. येथील एका गल्लीचे नाव ‘मराठा डिच लेन’ असे आहे. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून आल्या, तेव्हा त्यांच्या धास्तीने शहराभोवती खंदक खणावयास घेण्यात आला, तो याच बाजूने. काम अपुरे राहिले, मराठे शहरावर आलेच नाहीत आणि कालांतराने खंदक बुजून त्याच्या बऱ्याच भागावर रस्ता झाला.

खंदक गेला, परंतु जमिनीचा उतार कायम आहे. नदीने टाकलेल्या गाळामुळे हुगळीचा काठ उंच, तर शहराची पूर्व बाजू सखल आहे. त्यामुळे पाण्याची नैसर्गिक धाव नदीकडे नसून पूर्वेकडील दलदलीकडे आहे. जुन्या कोलकात्याची गटारव्यवस्था याच उतारावर आखली गेली. शहरातील स्वयंपाकघरांचे व न्हाणीघरांचे पाणी काही किलोमीटर पूर्वेस जाते. तेथे त्याचे जे होते, तोच आपल्या अभ्यासाचा विषय आहे.

भेडी : सांडपाण्यावरील मत्स्यशेती

पूर्व कोलकाता पाणथळ प्रदेश सुमारे १२,५०० हेक्टरांवर पसरलेला आहे. विद्याधरी नदी गाळाने भरून भरतीचे खारे पाणी येणे थांबले, तेव्हा खाऱ्या पाण्यातील मासेमारीवर जगणाऱ्या लोकांनी शहराचे सांडपाणी तळ्यांत घेऊन गोड्या पाण्यातील मासे वाढविण्याची पद्धत बसविली. या उथळ तळ्यांना बंगालीत ‘भेडी’ म्हणतात.

पद्धत साधी, परंतु शिस्तीची आहे. हिवाळ्यात तळे रिकामे करून वाळवितात, तळ नांगरून चुना देतात. नंतर सांडपाणी घेऊन ते काही आठवडे उन्हात मुरू देतात. जिवाणू सेंद्रिय पदार्थांचे विघटन करतात; त्यातून सुटलेल्या अन्नद्रव्यांवर शेवाळ वाढते; शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते आणि तोच प्राणवायू जिवाणूंच्या कामी येतो. पाण्यास हिरवी झाक आली की आधी थोडे मासे सोडून पाहतात आणि ते जगले तरच पूर्ण बीज सोडतात. पुढे रोहू, कटला, मृगळ, तिलापिया हे मासे प्लवंग खाऊन वाढतात आणि शेवाळाचा अतिरेकही रोखतात. सांडपाण्याची पुढील मात्रा पाण्याचा रंग पाहून दिली जाते. पिकास खताचा हप्ता देताना शेतकरी पानाचा रंग पाहतो, तसेच हे आहे. शेजारच्या धापा भागात शहराच्या कचऱ्यातून तयार झालेल्या मातीवर भाजीपाला पिकतो. शहराने टाकलेले अशा रीतीने मासळी व भाजी होऊन शहराच्याच ताटात परतते.

सौंदर्यामागील श्रम

सकाळच्या उन्हात भेडीच्या बांधावर उभे राहिल्यास पाणकावळे, बगळे, ढोकरी, खंड्या आणि जलपर्णीवरून चालणारे कमळपक्षी सहज दिसतात. १९६५ मध्ये येथील दलदलीतूनच मुंगसाचा एक नवा प्रकार शास्त्रज्ञांनी नोंदविला. परंतु हा देखावा निसर्गाने एकट्याने घडविलेला नाही. बांध दुरुस्त करणारा, पाण्याची मात्रा ठरविणारा, जाळे ओढणारा मनुष्य येथून उठला, तर तळी गाळाने भरतील, मासे संपतील आणि पक्षीही जातील.

सांडपाणी अभियंता ध्रुवज्योती घोष (१९४७-२०१८) यांनी हे जाणले व जगासमोर मांडले. १९९२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने या क्षेत्रातील भूवापर बदलण्यावर निर्बंध घातले. १९ ऑगस्ट २००२ रोजी त्यास रामसर दर्जा लाभला. २००६ मध्ये राज्याने स्वतंत्र कायदा केला. तरीही वाढत्या शहराच्या भरावाचे संकट टळलेले नाही. ज्या वर्षी भेडीचे उत्पन्न खर्चास पुरत नाही, त्या वर्षी भराव टाकणाऱ्यास दार उघडे होते. संरक्षित क्षेत्राचे खरे कुंपण म्हणजे तेथील उत्पादकाची मिळकत होय.

कीटक काय सांगतात

सांडपाण्याच्या तळ्यांवर डासांचे थवे असतील, अशी पाहुण्याची अपेक्षा असते. वस्तुतः डासांच्या अळ्यांना स्थिर व मासे नसलेले पाणी मानवते. वाऱ्याने हलणाऱ्या, माशांनी भरलेल्या तळ्यात त्यांचा टिकाव लागत नाही. चतुर व टाचण्या यांची पिल्लेही पाण्यात राहून डासांच्या अळ्या फस्त करतात. प्रौढ चतुर काठावरील भातशेतीत उडत्या किडी टिपतात. पाणथळ ही मित्रकीटकांची रोपवाटिका आहे, ती अशी.

पाण्याची प्रत जाणण्यासही कीटक उपयोगी पडतात. मेफ्लाय व कॅडिसफ्लाय यांची पिल्ले बहुधा प्राणवायूयुक्त, स्वच्छ पाण्यात आढळतात. कायरोनोमिड माशीच्या लाल अळ्यांच्या शरीरात हिमोग्लोबिन असल्याने त्या कमी प्राणवायूतही जगतात. शेपटीसारखी लांब श्वसननलिका असलेल्या अळ्या दिसल्या, तर पाणी फारच कुजके समजावे. मात्र एका कीटकावरून निष्कर्ष काढू नये. कोणते गट आहेत आणि कोणते नाहीत, हे एकत्र पाहावे.

जलपर्णीचा धडाही लक्षणीय आहे. आपल्याकडे ती नद्या गुदमरविते. तिच्या जैविक नियंत्रणासाठी १९८० च्या दशकात निओचेटिना भुंगेरे भारतात आणले गेले. भेडीत मात्र तिची पट्टी काठालगत बांबूने अडवून मुद्दाम राखतात, कारण ती लाटांपासून बांध वाचविते आणि माशांना सावली देते. मर्यादेत उपयुक्त, मोकाट सुटल्यास घातक, असे तिचे स्वरूप आहे.

या व्यवस्थेची मर्यादा

घरगुती सांडपाणी हे माशांचे अन्न ठरू शकते. कारखान्यांचे सांडपाणी नव्हे. चामडे कमावण्याच्या उद्योगातील क्रोमियम किंवा अन्य जड धातू सूर्यप्रकाशाने नष्ट होत नाहीत. ते गाळात साचतात. म्हणून उगमापाशीच दोन्ही प्रवाह वेगळे ठेवणे अनिवार्य आहे. ही काळजी न घेता कोणी सांडपाण्यावर मासे वा भाजी पिकवू नये.

आपल्या पाणथळींसाठी

गोदावरी व कादवा यांच्या संगमावरील नांदूर मध्यमेश्वर (ता. निफाड, जि. नाशिक) हे महाराष्ट्राचे पहिले रामसर स्थळ, त्यानंतर लोणार सरोवर व ठाणे खाडी यांना तो दर्जा मिळाला. नांदूर मध्यमेश्वरच्या भोवती द्राक्ष, कांदा व ऊस यांची शेती आहे. येथेही पाणी उताराने येते, आणि त्याबरोबर आपल्या फवारणीचे अवशेषही येतात. कृत्रिम पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके मासे व जलकीटक यांना अत्यंत विषारी आहेत. पाण्यात विरघळणारे इमिडाक्लोप्रिड मेफ्लायच्या पिल्लांना अल्प प्रमाणातही घातक ठरते. पक्ष्यांच्या अन्नसाखळीची खालची कडी येथेच तुटते.

अभ्यासभेट नेताना पुढील क्रम ठेवावा :

१. प्रथम पाणी कोठून येते ते पाहावे : ओढा, कालवा, गावाचे गटार, शेतांचा निचरा.
२. काठावर एकाच ठिकाणी पंधरा मिनिटे शांत उभे राहून चतुर, टाचण्या व पक्षी यांची नोंद करावी.
३. अभयारण्यात वन विभागाच्या परवानगीविना काहीही पकडू नये. जलकीटकांचे प्रात्यक्षिक आपल्या गावच्या ओढ्यात वा शेततळ्यात करावे. त्यास पांढरे ताट व लांब दांड्याची गाळणी पुरते.
४. स्थानिक मच्छीमार व काठावरील शेतकरी यांच्याशी बोलावे. पूर्वी दिसणारे व आता न दिसणारे काय, हे विचारावे.
५. परतल्यावर प्रत्येकाने एक कृती ठरवावी : फवारणी पंप ओढ्यावर न धुणे, पाऊस वा जोराचा वारा असता न फवारणे, आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्याशिवाय कीटकनाशक न वापरणे, बांधालगत गवताची पट्टी राखणे.

पाणथळीचे सौंदर्य काठावरून दिसते. तिचे आयुष्य मात्र उताराच्या वरच्या टोकाशी ठरते. बागबाजारच्या मोरीचा पूर्वेकडील पाणकावळ्याशी जो संबंध आहे, तोच आपल्या फवारणी पंपाचा गोदाकाठच्या पक्ष्यांशी आहे. हा संबंध शेतकऱ्यास प्रत्यक्ष दाखविता आला, तर भेट सार्थकी लागली असे समजावे.