एक आठवडा, दोन बेटं

प्रश्न : लग्नाला पंचवीस वर्षं होताहेत. जानेवारीत आठवडाभर चांगल्या रिसॉर्टमध्ये राहून अंदमान आणि लक्षद्वीप पाहायचं आहे. एकाच फेरीत जमेल का? परवाना लागतो का?
– एक वाचक, शहादा (जि. नंदुरबार)

उत्तर : अभिनंदन! अंदमान बंगालच्या उपसागरात, लक्षद्वीप अरबी समुद्रात. मध्ये अख्खा दक्षिण भारत. लक्षद्वीपला भारतीयांनाही परवाना काढावा लागतो. दोन्ही एका आठवड्यात कोंबलंत तर सुट्टी विमानतळांवरच संपेल.

त्यापेक्षा अंदमानातलीच दोन बेटं निवडा : स्वराज द्वीप (हॅवलॉक) आणि शहीद द्वीप (नील). तिथे भारतीयांना वेगळा परवाना नाही, ओळखपत्र पुरतं.

मुंबईहून विमानाने श्रीविजयपुरम, म्हणजे पूर्वीचं पोर्ट ब्लेअर. पहिली रात्र तिथेच. सेल्युलर जेल सावकाश पाहा. मग बोटीने स्वराज द्वीप, दोन रात्री. खर्चाची तयारी असेल तर राधानगर किनाऱ्यालगत ताजचं रिसॉर्ट आहे. तिथलं घड्याळ आपलंच, पण जानेवारीत सूर्य सव्वापाचच्या सुमारासच मावळतो. त्यामुळे जेवण उरकून दुपारीच किनारा गाठावा.

पुढच्या दोन रात्री शहीद द्वीपवर. लक्ष्मणपूरजवळचा नैसर्गिक खडकपूल ओहोटीतच नीट पाहता येतो. वेळ हॉटेलात विचारून निघा, चपला न घसरणाऱ्या घाला. शिंपले किंवा प्रवाळ मात्र उचलू नका, कायद्याने बंदी आहे.

परतीच्या विमानाआधीची रात्र श्रीविजयपुरमलाच काढा. हवा बिघडली की बोटी रद्द होतात. जानेवारीत गर्दी असते, तेव्हा खोल्या आणि बोटीची तिकिटं एकदमच आरक्षित करा.